चित्राचे पैसे कोणी दिले, एवढंच विचारायचं?

डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत लष्करप्रमुखांच्या कार्यालयातलं एक चित्र हललं आणि देशभर खडाजंगी झाली. १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या सैन्याने ढाक्यात शरणागतीवर सही केली, त्या प्रसंगाचं ते चित्र. साउथ ब्लॉकमधल्या त्या कार्यालयातून ते दिल्लीतल्याच लष्कराच्या माणेकशा सेंटरला गेलं आणि त्याच्या जागी ‘कर्म क्षेत्र’ नावाचं नवं चित्र लागलं. त्यात पँगाँग सरोवर आहे, बर्फाचे डोंगर आहेत, रणगाडे आणि नौका आहेत, कृष्णार्जुनांचा रथ आहे, चाणक्य आहे. एक बाजू म्हणाली, विजयाचा इतिहास पुसला. दुसरी म्हणाली, आपली परंपरा भिंतीवर परत आली. दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिलं, पण चित्र म्हणजे सत्तेने लावलेली पाटी, हे दोघांनीही गृहीत धरलं होतं. पाटीवर कोणाचं नाव हवं एवढाच वाद. त्या चित्रातलं सरोवर कसं रंगवलंय, त्या डोंगरांना काही वजन आहे का, तिथली थंडी डोळ्यांना जाणवते का, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

या वादात एक तिसरा आवाजही होता आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे, कारण तो चित्रकलेवर प्रेम करणाऱ्यांचा आवाज आहे. ते म्हणाले, सरकारने चित्रकाराकडून करवून घेतलेलं युद्धाचं चित्र, त्यात बघायचं काय? तो प्रचार, कला वेगळी. मला हे म्हणणं चुकीचं वाटतं, आणि घातकही. माझं मत असं की, सरकारने युद्धाची चित्रं जरूर करवून घ्यावीत, जनतेच्या पैशातून घ्यावीत, आणि त्या कामावर सर्वांत आधी निसर्गचित्रकारांना पाठवावं. अशा चित्रापुढे उभं राहिल्यावर पैसे कोणाचे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की, चित्रकाराने ती जागा डोळ्यांनी पाहिली होती का, आणि जे पाहिलं ते काढायला तो मोकळा होता का.

विरोधी बाजूचा मुद्दा लेचापेचा नाही, हे आधी कबूल करायला हवं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण उगाच पडलेली नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने क्रिस्टोफर नेव्हिन्सन या चित्रकाराला अधिकृत युद्धचित्रकार म्हणून नेमलं. त्याने १९१७ साली काटेरी तारांपुढे चिखलात पालथे पडलेले दोन मृत ब्रिटिश सैनिक रंगवले. सेन्सॉरने चित्र अडवलं. नेव्हिन्सनने १९१८च्या प्रदर्शनात ते तरीही टांगलं, त्यावर तपकिरी कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर ‘सेन्सॉर्ड’ असं लिहिलं. स्वतःचे मेलेले सैनिक दाखवायचे नाहीत, एवढी एक अट सरकारला पुरली होती. जपानचं उदाहरण याहून भीषण आहे. पॅरिसमध्ये नाव कमावलेला त्सुगुहारु फुजिता युद्धकाळात जपानी लष्करासाठी चित्रं काढू लागला. अलास्काजवळच्या अट्टू बेटावरची जपानी तुकडी मे १९४३ मध्ये जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत मेली, आणि त्याच वर्षी फुजिताने त्या शेवटच्या हल्ल्याचं प्रचंड चित्र केलं. एकमेकांत गुंतलेली शरीरं, संगिनी, आ वासलेली तोंडं. लोक त्यापुढे हात जोडत. चित्रातला मृत्यू भयानक आहे, तरीही ते चित्र लोकांना मरायला तयार करण्यासाठी वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर फुजितावर बोट रोखलं गेलं आणि १९४९ साली त्याने जपान कायमचा सोडला.

ही उदाहरणं मी पुसू शकत नाही. पण त्यांतून निघतं काय? फुजिताने अट्टूचं बेट पाहिलं नव्हतं. लढाई झाली तेव्हा तो तिथे नव्हता, आणि नंतर ते बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं. त्याच्यापुढे होत्या त्या बातम्या, आणि लष्कराने आधीच ठरवलेला अर्थ. पैसा लष्कराचा होता म्हणून ते चित्र अपराधी ठरलं, असं म्हणण्याआधी आणखी काही चित्रांचा हिशेब करावा लागेल. गोयाची १८१४ सालची चित्रं घ्या. माद्रिदमध्ये फ्रेंच सैनिक निःशस्त्र माणसांना गोळ्या घालताहेत, पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाने दोन्ही हात पसरलेत. गोयाने ते काढण्यासाठी स्पेनच्या तत्कालीन सरकारकडे अर्ज करून पैसे मागितले होते आणि ते मिळाले होते. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या गावावरच्या पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्राच्या प्रती आज युद्धविरोधी मोर्च्यांत फडकतात. ते चित्र स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पॅरिसच्या १९३७ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी मागवलं होतं, त्याचे पैसे मोजले होते, आणि युद्धात आपली बाजू जगापुढे मांडण्यासाठीच मागवलं होतं. व्याख्येप्रमाणे तोही प्रचारच. मग काय करायचं, ‘गेर्निका’ भिंतीवरून उतरवायचं?

सरकारशी ज्यांनी झुंज घेतली त्यांच्याकडे पाहावं, तर तिथेही कोणी ना कोणी धाडणारा सापडतो. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले, हाडांचे सापळे झालेली माणसं शाईने रेखाटली. ब्रिटिश सरकारने त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती जप्त करून जाळल्या. त्यांना कम्युनिस्ट पक्षाने पाठवलं होतं. पुढे ते मुंबईला आले आणि अंधेरीत वर्षानुवर्षं हलाखीत राहिले, पण ती मिदनापूरची रेखाटनं पक्षाची म्हणून कोणी खोटी ठरवलेली नाहीत. आणि आपल्या घरचंच पाहायचं तर अजिंठ्याचं सतरावं लेणं एका मांडलिक राजाच्या पैशातून उभं राहिलं. त्यात बौद्ध कथेतल्या सिंहलाच्या लंकेवरील स्वारीचं दृश्य आहे, हत्ती आहेत, भाले आहेत. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांना शाहू महाराजांच्या दरबाराचा आधार होता, आणि त्या आधारावर त्यांनी काय रंगवलं? दरबाराची वाहवा नव्हे. कोटितीर्थ तलावाच्या पाण्यावरचा उजेड. आश्रय देणाऱ्याला जर स्वतःचं तोंड बंद ठेवता आलं, तर आश्रय कलेला मारत नाही.

आता मूळ उदाहरणाकडे येतो. पॉल नॅश हा इंग्रज निसर्गचित्रकार, जन्म १८८९ चा. बकिंगहॅमशायरमधली मोठी झाडं, विटनहॅमच्या टेकडीवरची वनराई, चांदणं, कुंपणं हे त्याचे विषय. झाडांकडे तो माणसांसारखं बघायचा. १९१७च्या सुरुवातीला तो अधिकारी म्हणून बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर गेला. त्यावेळी तिथे तुलनेने शांतता होती, वसंत येत होता, आणि त्याची बायकोला लिहिलेली पत्रं उद्ध्वस्त रानात फुटलेल्या पालवीच्या आनंदाने भरलेली आहेत. मे महिन्यात तो अंधारात खंदकात पडला, बरगडी मोडली, त्याला लंडनला परत पाठवलं. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या सोबतचे कितीतरी लोक हिल ६० या टेकडीवरच्या हल्ल्यात मारले गेले. लंडनमध्ये त्याने आपली रेखाटनं मांडली, आणि ती पाहून सरकारच्या माहिती खात्याने, म्हणजे सरळ शब्दांत प्रचारखात्याने, त्याला अधिकृत युद्धचित्रकार म्हणून परत पाठवलं. तो पुन्हा ईप्रला पोचला तेव्हा पासेनडालच्या लढाईचा शेवट चालू होता.

त्या जमिनीचं झालं काय होतं? ईप्रभोवतालच्या फ्लँडर्स प्रांताची ती माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चर खणून, ते दरसाल साफ करून ती कसण्याजोगी ठेवली होती. जुलै १९१७च्या शेवटी हल्ल्याआधीच्या भडिमारात ब्रिटिश तोफांनी ४० लाखांहून अधिक गोळे टाकले. चर मोडले, पाण्याला वाट उरली नाही, मग ऑगस्टमध्ये पाऊस कोसळला आणि सारा मुलूख गाळ झाला. जखमी माणसं, खेचरं, घोडे खड्ड्यांत बुडून मेले. शत्रूच्या गोळीइतकंच त्या पाण्याचं भय होतं. शेतीची ज्याला जाण आहे त्याला हे वाचताना पोटात कालवतं: एका मोसमात शतकांची जलव्यवस्था नाहीशी झाली. आणि हे ओळखायला माणूस कोण हवा होता? ज्याला झाड, उतार, पाणी, माती यांची आयुष्यभराची ओळख आहे, असाच.

नोव्हेंबर १९१७ मध्ये नॅशने बायकोला लिहिलेल्या पत्रातली वाक्यं प्रसिद्ध आहेत. तो म्हणतो, मी आता कुतूहलाने बघणारा चित्रकार राहिलेलो नाही. लढणाऱ्या माणसांचा निरोप, हे युद्ध कायम चालत राहावं असं वाटणाऱ्यांपर्यंत नेणारा मी निरोप्या आहे. माझा निरोप दुबळा असेल, अडखळणारा असेल, पण त्यात कडू सत्य असेल, आणि ते त्यांचे सडके आत्मे जाळून टाको. हे लिहिणारा माणूस त्यावेळी सरकारी नेमणुकीवर होता, हे कृपा करून लक्षात घ्या. वसंतात सैनिक म्हणून गेलेला नॅश पालवीवर खूश होता. शरदात सरकारी चित्रकार म्हणून गेलेला नॅश संतापाने पेटला. नेमणुकीने त्याचे डोळे बांधले असते तर हा क्रम उलटा दिसायला हवा होता. त्याला तिथे जाण्याचा परवाना, वाहन, कागद, वेळ दिला तो प्रचारखात्याने, आणि त्याने परत आणलं ते खात्याला न पेलणारं सत्य.

त्या फेरीतून ‘आम्ही नवं जग घडवतोय’ हे १९१८चं तैलचित्र आलं. सुकलेल्या रक्ताच्या रंगाचे ढग, त्यांच्या वर आलेला पांढराफटक सूर्य, खाली हिरवट उंचवटे, लाटांसारखे किंवा थडग्यांसारखे, आणि त्यांतून वर आलेले झाडांचे खुंट. माणूस एकही नाही. सरकारने आपल्याच प्रकाशनाच्या मुखपृष्ठावर हे चित्र छापलं आणि छापताना शीर्षक दिलं नाही. शीर्षक गाळण्यात सोय होती, हे मी विरोधकांच्या पदरात आनंदाने टाकतो. पण त्या खुंटांना कोणत्या शीर्षकाची गरज आहे?

मग ‘मेनिन रोड’. एप्रिल १९१८ मध्ये ब्रिटिश युद्धस्मारक समितीने ते मागवलं, एका भव्य स्मृतिसभागृहासाठी. सुमारे सहा फूट उंच आणि साडेदहा फूट रुंद. नॅशने ते चाल्फन्ट सेंट पीटर गावात, औषधी वनस्पती वाळवायच्या एका शेडमध्ये रंगवायला घेतलं आणि १९१९च्या फेब्रुवारीत पुरं केलं. सभागृह कधी बांधलंच गेलं नाही. चित्र इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये गेलं. नाव रस्त्याचं, पण चित्रात रस्ता शोधावा लागतो. पुढे काँक्रीटचे ठोकळे, गंजलेला पत्रा, पाण्याने भरलेले खड्डे, आणि त्या पाण्यात आभाळाचा तुकडा. मधोमध दोन सैनिक चाललेत, इतके लहान की नजर त्यांच्यावरून दोनदा घसरून जाते. ढगांतून उन्हाचे झोत उतरतात, पण ते झोत तोफांच्या नळ्यांसारखे तिरपे आणि कडक आहेत. इंग्रजी निसर्गचित्रात असा उजेड देवाच्या कृपेचा असायचा, इथे तोही शत्रूला सामील झालाय. डोळ्यांना चित्रात शिरायला वाट मिळत नाही. डावीकडून शिरा, खड्डा. उजवीकडून शिरा, मोडलेलं खोड. बघणाऱ्याला तो त्या दोन सैनिकांइतकंच अडकवतो. लढाईचं चित्र म्हणजे घोडे, झेंडे आणि उचललेल्या तलवारी, असं धरून चालणाऱ्यांना हे काय वाटलं असेल? आणि तरीही समितीने ते घेतलं, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

इथे सर्वांत टोकदार आक्षेप येतो. नॅशचं चित्र सेन्सॉरमधून सुटलं ते त्यात प्रेत नव्हतं म्हणून. नेव्हिन्सनच्या चित्रात प्रेत होतं, ते अडकलं. म्हणजे निसर्गचित्र ही सरकारला परवडणारी पळवाट झाली. माणसं मेली आणि आपण झाडांसाठी रडतोय, असं तर नाही ना? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. नॅशच्या चित्रात बेल्जियन शेतकरी नाही, ज्याची ती जमीन होती. त्यात हिंदी सैनिकही नाही. आणि ईप्रच्या त्याच मुलखात १९१४ च्या ऑक्टोबरपासून हिंदी पलटणी लढल्या, त्यांची नावं तिथल्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर कोरलेली आहेत. ही उणीव खरी आहे आणि ती सौंदर्याच्या नावाखाली झाकता येणार नाही.

तरीही माझा कौल निसर्गचित्राच्या बाजूने आहे. प्रेत कोणाचं हे कळलं की बघणारा बाजू घेतो. आपलं असेल तर सूड आठवतो, परकं असेल तर समाधान वाटतं. फुजिताच्या चित्रात प्रेतांची रास आहे आणि तिने आणखी प्रेतं मागितली. जमिनीला गणवेश नसतो. मेनिनच्या रस्त्यावरचा खड्डा ब्रिटिश गोळ्याने पडला की जर्मन, हे चित्र सांगत नाही, आणि म्हणून बघणाऱ्याला सुटका मिळत नाही. शिवाय माणसाचं मरण चित्रात एका क्षणाचं असतं, जमिनीचं पुढे चालू राहतं. आज शंभराहून अधिक वर्षांनी ईप्रच्या आसपासच्या शेतांत नांगराला गोळे लागतात, शेतकरी ते उचलून बांधावर ठेवतात, आणि बेल्जियन सैन्याचं पथक येऊन घेऊन जातं. त्यांतल्या काहींमध्ये अजून विषारी वायू आहे. १९१८ साली नॅशने जे रंगवलं ते अजून संपलेलं नाही. हे कोणत्या व्यक्तिचित्रातून कळलं असतं?

दुसऱ्या महायुद्धातली नॅशची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात आपल्याला उचलता येईल असं काही आहे. १९३९च्या अखेरीस ब्रिटनने युद्धचित्रकार सल्लागार समिती नेमली. नॅशनल गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क तिचे अध्यक्ष. नॅशला विमानखात्याशी जोडून दिलं. तो तोवर दम्याने खंगलेला होता, त्याला विमानात बसता येत नव्हतं. मग तो पडलेली विमानं बघत हिंडला. ऑक्सफर्डजवळ काउली इथे पडलेल्या जर्मन विमानांचं भंगार साठवलं जायचं. ते बघून त्याने ‘टोटेस मेअर’ काढलं, म्हणजे मृत समुद्र, नाव मुद्दाम जर्मन. चांदण्यात पसरलेला पत्र्यांचा समुद्र, मोडलेले पंख लाटांसारखे किनाऱ्यावर आपटून गोठलेले, पंखांवरचे काळे क्रूस, आणि उजवीकडे खाली उडणारं एकच पांढरं घुबड. हा शत्रूचा विनाश आहे, पण जल्लोष कुठे आहे? समुद्र ब्रिटनचं रक्षण करतो, हा त्या देशाचा जुना भरवसा. इथे समुद्रच धातूचा होऊन मेलेला आहे. खुद्द नॅशला ही चित्रं जर्मनीविरुद्ध प्रचाराला वापरली जावीत असं वाटत होतं, हेही सांगायला हवं. त्याचा हेतू प्रचाराचा होता आणि हात चित्रकाराचा होता, हात जिंकला.

विमानखात्याला हे रुचलं नाही. त्यांना वैमानिकांच्या तसबिरी हव्या होत्या, विमानाचा प्रत्येक भाग बरोबर काढलेला हवा होता. १९४० च्या डिसेंबरात त्यांनी नॅशची नेमणूक संपवली. क्लार्कनी ऐकून घेतलं नाही. जानेवारी १९४१ मध्ये समितीने नॅशची आकाशयुद्धाची चित्रं विकत घेण्यासाठी ५०० पौंड बाजूला काढले. आकाशातल्या धुराच्या वलयांचं ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ हे त्याचं मोठं चित्र त्यातून उभं राहिलं. पैसा तोही सरकारचा, हाही सरकारचा. फरक पडला तो मध्ये चित्र कळणारा एक माणूस उभा होता म्हणून, आणि सैन्याच्या शाखेचा शब्द त्याच्यापुढे अखेरचा नव्हता म्हणून. आपल्या वादात हा मुद्दा कुणी मांडला? सगळे ‘सरकार’ म्हणतात आणि थांबतात. सरकारात कोण, चित्राबद्दल शेवटचा शब्द कोणाचा, चित्र कोणाच्या मालकीचं होणार, ते कुठे टांगणार, यावर सारं ठरतं. त्या समितीने चारशेहून अधिक कलावंतांकडून साडेपाच हजारांहून जास्त कलाकृती जमवल्या आणि त्या देशभरच्या संग्रहालयांत वाटल्या. त्यांतली बरीचशी साधारण आहेत. असणारच. पण एरिक रॅव्हिलियससारखा ससेक्सच्या टेकड्या रंगवणारा माणूसही त्याच योजनेतून उत्तरेच्या समुद्रावर गेला, आणि सप्टेंबर १९४२ मध्ये आइसलँडजवळ विमानासकट नाहीसा झाला. सत्तेची टाळी वाजवायला कोणी एवढ्या लांब जात नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. ड्रोन आहे, उपग्रह आहे, सैनिकाच्या हेल्मेटवर कॅमेरा आहे. रंग घेऊन माणूस कशाला धाडायचा? याचंही उत्तर ईप्रच्या मातीतच आहे. ऑस्ट्रेलियाचा अधिकृत छायाचित्रकार फ्रँक हर्ली त्याच १९१७ च्या शरदात तिथे होता. त्याने अप्रतिम छायाचित्रं काढली. पण लढाई छायाचित्राच्या एका काचेवर मावत नाही, हे त्याला खुपत राहिलं, म्हणून त्याने वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक दृश्य बनवायला सुरुवात केली. इतिहासलेखक चार्ल्स बीननी त्याला खोटेपणा म्हटलं आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बीनचं बरोबर होतं: छायाचित्र हे ‘असं घडलं’ अशी शपथ घेतं, त्यात जोडाजोड चालत नाही. चित्र अशी शपथ घेत नाही. कितीतरी दिवस बघून, टिपून, त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे एका माणसाने ठरवलंय, हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. आज यंत्राकडून हवं तसं युद्धाचं दृश्य मिनिटात बनवून मिळतं आणि लाखो लोक ते खरं मानून पुढे पाठवतात. अशा वेळी, मी तिथे होतो, इतके आठवडे होतो, आणि हे माझ्या नावावर सांगतोय, असं म्हणणाऱ्या माणसाची किंमत वाढते.

आणि भारताला तर हे काम ब्रिटनहून जास्त जरुरीचं आहे, कारण आपल्या लढाया जमिनीने घडवलेल्या आहेत. सियाचीनवर नोव्हेंबर २००३ पासून शस्त्रसंधी आहे, तरी तिथे माणसं मरतात: हिमस्खलनाने, थंडीने, विरळ हवेने. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गेले. तिथे शत्रूचा चेहरा रंगवायला शत्रू नाहीच. आहे तो बर्फाचा उतार. तो वाचू शकेल असा चित्रकार आपण तिथे धाडलाय का? ‘कर्म क्षेत्र’मधलं पँगाँग मला खटकतं ते याच कारणाने. रथाला माझा आक्षेप नाही, चाणक्यालाही नाही; ज्याची त्याची श्रद्धा. पण चार हजार मीटरहून उंचावरचं ते खारं पाणी, हिवाळ्यात पार गोठणारं, जिथे श्वासाला कष्ट पडतात, ते त्या चित्रात नाटकाच्या पडद्यासारखं मागे लावलंय. पुढे पात्रं उभी, मागे डोंगर. ढाक्याच्या चित्राची गत वेगळी नव्हती. मुळात ते एका गाजलेल्या छायाचित्रावरून केलेलं. तेव्हा दोन्ही बाजू ज्या दोन चित्रांसाठी भांडल्या, त्यांतल्या एकातही चित्रकाराने जागा स्वतः वाचल्याची खूण नाही. वाद कोणतं चित्र हवं याचा झाला. व्हायला हवा होता तो, आपण याहून चांगलं चित्र का मिळवू शकलो नाही, याचा.

आपल्याकडे स्मरण म्हणजे पुतळा, ही सवय खोल आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी ते एकटे मशीनगनवर चालून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुतळा हवाच. पण नगरच्या नामदेव जाधवांचा प्रसंग बघा. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. नदीच्या दोन्ही काठांना उंच, उभे बांध, बांधावर सुरुंग, पलीकडे मशीनगन. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणलं, मग एकट्याने तीन ठाणी गप्प केली, आणि बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत पलटणीला पलीकडे बोलावलं. या पराक्रमाचं माप काय आहे? तो बांध. त्याची उंची, त्याचा चढ, खालच्या पाण्याची ओढ. पुतळ्यात माणूस दिसतो आणि बांध हरवतो. मराठी मुलाला जाधवांचं नाव माहीत असतं, पण ते कशावर चढले हे त्याला कोणी दाखवलेलं नाही. शौर्याला जमीन परत दिली म्हणजे शौर्य लहान होत नाही. ते किती अवघड होतं हे तेव्हाच कळतं. ज्यांना युद्धचित्रातून देशाभिमान हवा आहे, त्यांनीही याचा विचार करावा.

म्हणून माझी मागणी सरकारकडेच आहे, आणि ती खर्चिकही नाही. दरवर्षी थोडे चित्रकार निवडा, जे. जे. मधून, बडोद्यातून, शांतिनिकेतनातून, किंवा कुठल्याच शाळेतून न आलेले. निवड सैन्याने करू नये आणि मंत्र्यानेही करू नये. चित्रं बघण्यात हयात घालवलेल्या माणसांनी करावी, आणि त्यांची नावं जाहीर असावीत. चित्रकारांना सीमेवर, छावण्यांत, भडिमारात घरं सोडाव्या लागलेल्या गावांत काही महिने राहू द्या. सुरक्षेसाठी काय झाकायचं ते आधी लिहून द्या, चौकीची जागा, तोफांचे ठिकाण, जे काय असेल ते. त्यापलीकडे चित्राला हात लावायचा नाही. चित्र सैन्याच्या मेसमध्ये किंवा मंत्रालयाच्या दालनात न जाता सार्वजनिक संग्रहालयात जाईल, तिकीट काढून कोणीही बघू शकेल. न आवडलेलं चित्रसुद्धा विकत घेतलं जाईल आणि जपलं जाईल. यातली शेवटची अट सर्वांत कठीण जाणार, हे मला कळतं. ती मान्य करणारा एखादा केनेथ क्लार्क आपल्या व्यवस्थेत आज आहे का, या प्रश्नावर चित्रकारांनी आणि समीक्षकांनी सरकारला धरावं. सरकारी पैसा म्हणजे विटाळ असं म्हणून ते बाजूला झाले, तर ही चित्रं करवून घेतली जाणारच आहेत, फक्त ती कोण काढणार आणि कोण निवडणार हे ठरवताना त्या खोलीत चित्र कळणारं कोणी नसेल.